पाइपची तंबाखू काचेच्या बरणीत कशी मुरवावी

पाइपची तंबाखू मुरवायची म्हणजे काहीतरी अवघड प्रयोग करायचा, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. बरणी बंद करताना तंबाखूत जेवढा ओलावा असेल, तेवढाच पुढची पाच, दहा, पंधरा वर्षं तिच्यात राहणार असतो. म्हणून जे काही करायचं ते भरण्याच्या दिवशी. त्या दिवशी ओलावा नीट जोखला, बरणी खडखडीत कोरडी असली आणि झाकण घट्ट बसलं, की आपलं काम संपलं. पुढचं सगळं तंबाखू स्वतः करते. आपण मध्ये मध्ये झाकण उघडून बघायचं नाही, एवढंच.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. घराला तळघर आहे आणि तिथल्या एका फडताळात माझ्या बरण्या आहेत. मूळचा मी निपाणीचा. आमच्याकडची तंबाखू बिडीची आणि जर्द्याची, पाइपची नव्हे. पण पान हातात घेऊन त्यातला ओलावा ओळखायचा, हे मी तिकडच्या वखारीतच शिकलो आणि तेच इथे दर वेळी उपयोगी पडतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं जे पाइप ओढतातच त्यांच्यासाठी आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी ती लावून घेऊ नये. मुरलेली तंबाखू जिभेला सौम्य लागते म्हणून शरीराला सौम्य होत नाही. निकोटिन तसंच राहतं आणि धुरातले घातक घटकही तसेच राहतात.

कोणती तंबाखू मुरवण्याजोगी

पहिला मान व्हर्जिनियाचा. हे पान भट्टीघरात गरम हवेने काही दिवसांत वाळवतात, त्यामुळे पानातली साखर पानातच राहते. पुढचे सगळे बदल त्या साखरेवर होतात. बरणी बंद झाल्यावर सुरुवातीला आतल्या हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. तो संपत आला की काम मंदावतं आणि मग साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात सावकाश क्रिया चालू राहते. रसायनशास्त्रात तिला मेलार्ड क्रिया म्हणतात. भाकरीवर तांबूस डाग पडतात ते तिच्यामुळेच, फक्त तव्यावर ती मिनिटांत होते आणि बरणीत तिला वर्षं लागतात. सोनेरी पान हळूहळू तपकिरी, मग गडद होतं. ताज्या व्हर्जिनियाला वाळल्या गवताचा आणि थोडा लिंबाचा वास असतो आणि ती जिभेला चावते. पाच वर्षांनी त्याच बरणीतून मनुका आणि सुक्या अंजिराकडे झुकणारा वास येतो आणि चावणं बरंच कमी झालेलं असतं.

व्हर्जिनियात थोडी पेरीक मिसळलेली मिश्रणं तर फारच सुंदर मुरतात. पेरीक ही अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, सेंट जेम्स परगण्यात होणारी तंबाखू. तिची पानं लाकडी पिंपांत दाबून, वरून वजन ठेवून, साधारण वर्षभर स्वतःच्याच रसात आंबवतात. तिचा मिरीसारखा तिखटपणा आणि व्हर्जिनियाची गोडी ताज्या डब्यात वेगवेगळी कळते. काही वर्षांनी ती एकजीव होतात.

तुर्की, ग्रीक, मॅसेडोनियन अशी उन्हात वाळवलेली बारीक पानं, ज्यांना ओरिएंटल म्हणतात, तीही चांगली मुरतात. लटाकिया मात्र वेगळी वागते. ही तंबाखू लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि तो धूरकट वास हेच तिचं वैशिष्ट्य. बरणीत वर्षं गेली की तो वास कमी होत जातो. ज्यांना लटाकियाचा कडक धूरच आवडतो त्यांनी ती फार काळ ठेवू नये. मला स्वतःला तीन-चार वर्षांची लटाकिया सर्वांत जास्त भावते, तेव्हा ती बाकीच्या पानांना बोलू देते.

बर्ली नावाची तंबाखू सावलीत, हवेवर, कित्येक आठवडे वाळते. तोवर पानातली बहुतेक साखर संपलेली असते. त्यामुळे तिच्यात फरक पडतो तो थोडाच. आणि व्हॅनिला, चेरी, रम असे वास वरून लावलेली तंबाखू मुरवायला ठेवूच नये. ती बरणीत टिकेल, ओली राहील, पण लावलेला वास कालांतराने उडतो आणि मागे काही खास उरत नाही. ती वर्ष-दोन वर्षांत संपवावी.

दाबून वडी केलेली आणि मग काप काढलेली तंबाखू, म्हणजे फ्लेक, सुट्या रिबनपेक्षा, म्हणजे बारीक लांब पट्ट्यांत कापलेल्या तंबाखूपेक्षा, मला मुरवण्यासाठी जास्त आवडते. दाबताना पानांचे रस आधीच एकमेकांत गेलेले असतात.

सीलबंद डबा आहे, मग बरणी कशाला, असं कोणीही विचारेल. न उघडलेल्या डब्यातही तंबाखू मुरते, हे खरं. गोल डबे बरीच वर्षं टिकतात. चपटे चौकोनी डबे मात्र कोपऱ्यात हलका धक्का बसला तरी हवा आत घेतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय पत्रा गंजतो. तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की आतली तंबाखू भुसा होते. आणि अमेरिकेत कितीतरी मिश्रणं वजनावर, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात. शिकागोत वाबॅश अव्हेन्यूवर आयवन रीस हे १८५७ पासूनचं दुकान आहे; तिथून पिशवी घेऊन आलो की ती त्याच आठवड्यात बरणीत गेली पाहिजे, कारण साध्या पिशवीतून वाफ बाहेर जातच राहते.

साठवून ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. आवडतं मिश्रण उद्या मिळेलच याची खात्री नाही. २०१८ मध्ये मॅक्लेलँड कंपनी बंद झाली आणि तिच्या व्हर्जिनिया ज्यांनी भरून ठेवल्या होत्या त्यांच्याकडेच राहिल्या. त्याच सुमारास डनहिल या ब्रँडचं नाव पाइपच्या तंबाखूवरून गेलं. मिश्रणं पुढे पीटरसनच्या नावाने परत आली. त्याआधी ऑगस्ट २०१६ पासून अमेरिकेत पाइपची तंबाखू अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांखाली आली, तेव्हाही लोकांनी बरण्या भरायला घेतल्या होत्या.

बरणी

अमेरिकेत हा प्रश्न सोपा आहे: मेसन जार. जॉन मेसन यांनी या फिरकीच्या झाकणाच्या, आट्याच्या बरणीचं पेटंट १८५८ मध्ये घेतलं आणि ती इथल्या घरोघरी फळं, भाज्या, लोणची टिकवण्यासाठी गेली. आज ती ‘बॉल’ किंवा ‘कर’ (Kerr) या नावाने कुठल्याही किराणा दुकानात डझनाने मिळते. झाकण दोन भागांचं असतं: एक चपटी चकती, जिच्या कडेला मऊ सीलचा थर असतो, आणि ती दाबून धरणारं आट्याचं कडं. हा मऊ थरच सगळं काम करतो, म्हणून तो ओरखडलेला किंवा चेपलेला नसावा. चकत्या वेगळ्याही मिळतात आणि स्वस्त असतात.

२३७ मिलिलिटरच्या छोट्या बरणीत साधारण ५० ते ६० ग्रॅम रिबन बसते, म्हणजे एक डबा. ४७३ मिलिलिटरच्या बरणीत त्याच्या दुप्पट. ९४६ मिलिलिटरच्या मोठ्या बरणीत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. फ्लेक थोडे जास्त बसतात.

गेल्या वर्षी पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, एकच मोठी बरणी घेतली तर काय बिघडलं? जागा तरी वाचेल."

"अरे, जागा वाचेल, पण पहिल्यांदा उघडलीस की सगळीच उघडलीस ना! नवी हवा आत गेली, जमलेला वास बाहेर आला. चार छोट्या भर. एक उघडलीस तरी तीन तशाच मुरत राहतील."

हे मी सगळ्यांना सांगतो. मोठी बरणी फक्त अशा तंबाखूसाठी जी दहा वर्षं हात न लावता ठेवायची आहे.

इंग्लंडमध्ये किलनर, जर्मनीत वेक, फ्रान्समध्ये ल पार्फे, इटलीत फिडो या बरण्या मिळतात. यांतल्या काहींना रबरी कडं आणि तारेची कडी असते. त्या उत्तम आहेत, पण रबर जुनं होतं, कडक पडतं, चिरतं. काही वर्षांनी ते बघून बदलावं लागतं. भारतात ज्यांच्याकडे आट्याच्या धातूच्या झाकणाची चांगली बरणी आहे आणि झाकणाच्या आत मऊ थर शाबूत आहे, त्यांनी ती वापरावी. चिनी मातीची बरणी नको, तिचं झाकण हवा अडवत नाही. लोणच्याची, मसाल्याची, इन्स्टंट कॉफीची रिकामी बरणीही नको. काच धुतली जाते, पण झाकणाच्या आतल्या थरात वास मुरून बसलेला असतो आणि तो कितीही धुवा, जात नाही. वर्षभर बंद बरणीत हिंग-मेथीचा वास तंबाखूला लागला तर तो पाइपमध्येही कळतो.

बरणी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, साबणाचा अंश राहू नये म्हणून दोनदा खळबळून घ्या आणि स्वच्छ फडक्यावर रात्रभर पालथी ठेवा. मी सकाळी सरळ करून आणखी काही तास उघडी ठेवतो, कारण पालथ्या बरणीच्या तळाशी वाफ अडकते. भरण्याआधी आत बोट फिरवून पाहा. तळाच्या कडेला राहिलेला पाण्याचा एक थेंबही त्या जागेच्या तंबाखूला बुरशी आणायला पुरतो.

ओलावा

इथे घाई करू नका.

तंबाखूत वजनाच्या १३ ते १५ टक्के पाणी असेल तर ती मुरतेही आणि बुरशीपासून सुरक्षितही राहते. १० टक्क्यांच्या खाली गेली की बदल जवळजवळ थांबतात आणि सुगंधी तेलं उडून जाऊ लागतात. १८ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीची भीती. डब्यातून निघालेली तंबाखू बरोबरच असेल असं धरून चालू नका. इंग्लंडमधल्या केंडल गावी सॅम्युअल गॉविथ १७९२ पासून तंबाखू करतात. त्यांचे फ्लेक डबा उघडल्यावर हाताला ओले लागतात. ते तसेच बरणीत कोंबण्याआधी जरा वाळवावे लागतात. उलट दुकानातल्या मोठ्या काचपात्रातून वजनावर घेतलेली तंबाखू कधी कधी फार कोरडी निघते.

निपाणीकडे पान पहाटेच्या दहिवरात हाताळतात. रात्रीच्या दवाने ते मऊ झालेलं असतं. ऊन चढलं की त्याचा चुरा होतो. वखारीत आजोबा पान मुठीत घेऊन दाबायचे आणि मूठ उघडून नुसते बघत राहायचे. पान लगेच उसळून मोकळं झालं आणि करकरलं, तर कोरडं. मुठीच्या आकारात तसंच गोळा होऊन बसलं, तर ओलं. सावकाश, आवाज न करता उलगडत गेलं, तर बरोबर. पाइपच्या तंबाखूलाही हीच परीक्षा लावा, फक्त मुठीऐवजी अंगठा आणि दोन बोटांत चिमूट धरा. दाबा, सोडा, आणि दोन-तीन सेकंद बघा. फ्लेकचा काप असेल तर तो हळूच वाकवा: मोडला तर कोरडा, मुडपून चिकटला तर ओला, वाकून कडेला थोडे तंतू सुटले तर ठीक.

ज्यांना बोटांवर भरवसा नाही त्यांच्यासाठी काट्याची पद्धत. ०.१ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा हवा. १० ग्रॅम तंबाखू मोजून घ्या, ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत अधूनमधून मोजत राहा. ८.६ ग्रॅमवर येऊन थांबली, तर ओलावा १४ टक्के. तापवताना पाण्याबरोबर थोडी तेलंही उडतात, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्तच येतो, पण आपल्या कामाला तो पुरतो. हा नमुना मात्र फेकून द्यायचा, आणि खिडकी उघडी ठेवायची.

आता समजा तंबाखूत २० टक्के ओलावा निघाला. ५० ग्रॅममध्ये कोरडा माल ४० ग्रॅम. १४ टक्क्यांवर आणायचं तर एकूण वजन साधारण ४६.५ ग्रॅम झालं पाहिजे. म्हणजे तंबाखू ताटात पसरा, मधूनमधून ताट काट्यावर ठेवा आणि साडेतीन ग्रॅम घटले की थांबा. बोटांची परीक्षा आणि काटा दोन्ही एकदा बरोबर करून पाहिलंत, की पुढे बोटंच पुरतात.

पसरण्यासाठी स्टीलचं ताट घ्या आणि खाली साधा पांढरा कागद. वर्तमानपत्र नको, शाईचा वास लागतो. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. वरचं वाळतं, आतलं तसंच राहतं. म्हणून दर अर्ध्या तासाने हलक्या हाताने खालवर करा.

किती वेळ लागेल हे हवेवर आहे आणि इथे शिकागो आणि महाराष्ट्र अगदी उलट वागतात. शिकागोत जानेवारीत घर तापवायची यंत्रणा दिवसरात्र चालू असते आणि घरातली हवा इतकी कोरडी होते की रिबन तासाभरात कुरकुरीत होऊ शकते. तेव्हा ताटाजवळून हलायचं नाही. पुण्या-मुंबईत जुलैमध्ये तंबाखू पसरून ठेवली तर ती वाळायची सोडून हवेतलं पाणी पिऊन आणखी जड होते. म्हणून पावसाळ्यात बरणी भरूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घ्यावा, दुपारची वेळ घ्यावी. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल आणि थांबणं शक्यच नसेल, तर एसी लावलेल्या बंद खोलीत हे काम करा; एसी हवेतलं पाणी काढून घेतो.

फार कोरडी तंबाखू परत ओली करता येते, पण थेट पाणी शिंपडून नाही. ती एका वाडग्यात सैल ठेवा, वाडग्याच्या तोंडावर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं ताणून बांधा, फडकं तंबाखूला टेकू देऊ नका. काही तासांनी खालवर करून परत बघा. सफरचंदाची फोड किंवा बटाट्याचा काप टाकायची जुनी पद्धत अजून कोणी कोणी सांगतं. ती अजिबात करू नका. फळाबरोबर बुरशीचे बीजाणू आत जातात.

भरणं

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. रिबन असेल तर थोडी थोडी टाकून बोटांनी हलकं दाबत जा. ठासून भरायची नाही, पण मोठ्या पोकळ्याही ठेवायच्या नाहीत. फ्लेकचे काप उभे लावा, म्हणजे पुढे काढताना तुटत नाहीत. वर बोटाच्या पेराएवढी जागा राहू द्या. त्या जागेतली हवा सुरुवातीच्या बदलांना लागते. हवा ओढून घेणारी यंत्रं मिळतात. मुरवण्यासाठी ती वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. बरणी उकळत्या पाण्यात ठेवून सील करायचीही गरज नाही. ती पद्धत लोणच्या-मुरंब्यांसाठी आहे. उष्णतेने तंबाखूचा वास शिजल्यासारखा होतो.

आता बरणीची कड. हे मी दर वेळी भिंग घेऊन करतो. काचेच्या कडेवर तंबाखूचा एखादा तंतू, केसाएवढा, आडवा पडलेला असतो आणि तो काचेच्या रंगात दिसत नाही. त्यावर झाकण बसलं की सीलचा मऊ थर त्या जागी काचेला पूर्ण टेकत नाही आणि तिथून वर्षभर हळूहळू वाफ निघून जाते. कोरड्या सुती कापडाने कड गोल पुसा, मग बोट फिरवून खात्री करा, मग चकती ठेवा. कडं हाताने पूर्ण घट्ट करा. फळं टिकवणारे लोक ते जरा सैल ठेवतात, कारण उकळताना हवा बाहेर जायची असते. आपल्याला उकळायचंच नाही.

काही महिन्यांनी चकतीचा मध्य किंचित आत ओढलेला दिसला तर ते चांगलंच लक्षण आहे. आतला ऑक्सिजन वापरला गेलाय. तसं दिसलं नाही म्हणून बरणी गळते असंही नाही.

गळते की नाही हे बघायची खात्रीची पद्धत म्हणजे बंद बरणीचं वजन. झाकण लावल्यावर अख्खी बरणी काट्यावर ठेवा आणि आकडा चिठ्ठीवर लिहा. वर्षाने परत ठेवा. आकडा तोच असेल तर निश्चिंत राहा. एखादा ग्रॅम घटला असेल तर झाकण बदला. यासाठी बरणी उघडावी लागत नाही, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

चिठ्ठीवर मिश्रणाचं नाव, डब्यावर तारीख असेल तर ती, भरल्याचा महिना आणि वर्ष, ओलावा, आणि हे वजन. चिठ्ठी काचेवर चिकटवा, झाकणावर नाही. धुताना झाकणांची अदलाबदल होते आणि मग दहा वर्षांपूर्वीची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

कुठे ठेवायची

अंधार आणि सारखं राहणारं तापमान. उजेडाने, विशेषतः उन्हाने, पानाचा रंग आणि वास बिघडतो. उघडं फडताळ असेल तर बरण्या खोक्यात ठेवा. तापमान १५ ते २५ अंशांमध्ये असावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते दिवसाकाठी फार वरखाली होऊ नये. तापमान एकदम उतरलं की आतल्या वाफेचं काचेवर पाणी जमतं आणि ते कडेच्या तंबाखूत उतरतं. शिकागोचं तळघर यासाठी छानच. फक्त पाणी तापवायच्या टाकीपासून आणि कपडे वाळवायच्या यंत्रापासून दूर. फ्रिजमध्ये नाही, फ्रीझरमध्ये तर नाहीच.

पुण्यात किंवा नागपुरात सर्वांत वाईट जागा म्हणजे स्लॅबखालचा माळा. मे महिन्यात तिथे हात लावून बघा, म्हणजे कळेल. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं, खालच्या कप्प्याचं कपाट घ्या. गरम हवेत तंबाखू जरा लवकर गडद होते, तेवढ्याने बिघडत नाही. समुद्राकाठी धातूची झाकणं गंजतात. तिथे काचेचं झाकण आणि रबरी कड्याची बरणी जास्त बरी.

तंबाखूला लागणारा बारीक तपकिरी किडा भारतात हळदीत आणि मिरचीपुडीतही सापडतो. बरणी घट्ट असेल तर तो बाहेरून आत जात नाही, पण मसाल्याच्या कपाटात तंबाखू ठेवू नये. आणि घरात लहान मुलं असतील तर कपाटाला कुलूप हवंच. थोडी तंबाखू पोटात गेली तरी लहान मुलाला निकोटिनची विषबाधा होऊ शकते.

भारतात घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: प्रवाशाला सामानातून करमुक्त आणता येणारी तंबाखू १२५ ग्रॅम आहे, म्हणजे ५० ग्रॅमचे दोन डबे. भाचा दोनच नेतो, आणि त्यांतला एक न उघडता भरण्यासाठी ठेवतो.

स्फटिक की बुरशी

काही वर्षांनी व्हर्जिनिया फ्लेकवर पांढरे ठिपके दिसले की लोक घाबरून बरणी फेकून देतात. आधी नीट बघा. भिंग घ्या आणि काप उजेडात तिरका धरा. ठिपके चमकत असतील, पानाच्या अंगाला घट्ट बसलेले असतील आणि त्यांना धारदार कडा दिसत असतील, तर ते स्फटिक. पानातली साखर आणि सेंद्रिय आम्लं पृष्ठभागावर येऊन तयार झालेले. ते चांगल्या मुरलेल्या तंबाखूवरच येतात. ओल्या बोटाचं टोक लावलं की विरघळतात.

बुरशी चमकत नाही. ती मंद पांढरी, राखाडी किंवा हिरवट, लोकरीसारखी असते, पानापासून वर उठलेली, आणि तिचे धागे एका तंतूवरून दुसऱ्यावर जातात. झाकण उघडताच कुबट वास येतो. अशी बरणी दिसली तर वरचा भाग काढून बाकीची वापरू नका. बीजाणू सगळीकडे पोचलेले असतात आणि ते फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे. सगळी टाका, पिशवी बांधून टाका. बरणी उकळून घ्या, चकती फेकून द्या.

उघडताना

पहिल्या वर्षात उघडू नका. खरा फरक बोलायला लागतो तो दोन-तीन वर्षांनी. व्हर्जिनिया फ्लेक पाचव्या ते दहाव्या वर्षात मला सर्वांत पूर्ण वाटतात. त्यापुढे कितीही वर्षं ठेवता येतात, पण वीस वर्षांनंतर काही मिश्रणं फिकी पडू लागतात, म्हणून एखादी बरणी मध्येच उघडून बघावी. एकाच मिश्रणाच्या चार छोट्या बरण्या असतील तर हे सहज जमतं: एक तिसऱ्या वर्षी, एक पाचव्या, एक आठव्या, एक जेव्हा वाटेल तेव्हा.

चकती आत ओढली गेली असेल तर ती निघायला त्रास देते. कडं काढा आणि चमच्याची कड चकतीखाली एका जागी हळूच घाला. फस्स असा आवाज येतो आणि ती सुटते. चाकू वापरू नका, काचेच्या कडेचा टवका उडतो. पहिला वास कधी कधी आंबूस येतो. तो आत कोंडलेल्या वायूंचा असतो. बरणी पाच-दहा मिनिटं उघडी राहू द्या, मग परत वास घ्या.

लागेल तेवढी कोरड्या हाताने काढा आणि ताटलीत अर्धा तास पसरून ठेवा. ओढायला ती मुरवण्यापेक्षा जरा कोरडी लागते. बरणी लगेच बंद करा. उघडलेली बरणी मी दोन-तीन महिन्यांत संपवतो. निम्मी झाली की उरलेली तंबाखू त्याहून लहान बरणीत काढतो, म्हणजे आत हवेची जागा कमी राहते, आणि जुनी चिठ्ठी सोडवून नव्या बरणीवर तीच चिकटवतो. उघडल्याची तारीख त्याच चिठ्ठीवर खाली लिहायची.